तीन नंबरचा होल्ड

फॉर्म तिथं ठेव, सन्मती, ऑइलचा हात लागेल.

उद्यमनगरात लेथवर वाढलेला मी.
समुद्र माहीत नव्हता, थाऊ माहीत होता :
एक थाऊ जास्त कापला तर
दस्तगीर मिस्त्री काय बोलायचे, ते माहीत होतं.
जहाजावर फिटर म्हणून चढलो
तेव्हा आधी पत्र्याला हात लावला.
रंगाच्या थरांखाली, वेल्डच्या उंचवट्यात
आधीची दोन नावं बोटांना लागली.
म्हातारं होतं.
नाव बदललं की वय उतरतं
असं मानणारी माणसं ऑफिसात बसतात.

काम म्हणजे काय, तर पंप गळतो.
तो बंद केला की दुसरा गळतो.
रात्री दोनला इंजिन मरतं आणि जहाज आडवं होतं,
दावं तुटलेल्या म्हशीसारखं अंग टाकतं इकडून तिकडं.
पान्हा निसटतो, पान्ह्यामागं बोट.
हे बघ, डाव्या हाताचं.
चीफ म्हणायचा, मगदूम, पुढच्या बंदरात बघू.
पुढच्या बंदरात
पुढचं बंदर असायचं.

हॅचच्या झाकणाचं रबर वाळलंय,
तीनदा लिहून दिलं मी.
चिठ्ठीवर. वहीत नाही.

त्या खेपेला साखर भरली, जयगडला.
पोत्यांवर आपल्याच तालुक्याच्या कारखान्याचा शिक्का,
मला वाटलं, गाववाले भेटले.
सोकोत्र्याच्या अलीकडं तीन दिवस समुद्र डेकवरून चालला.
चौथ्या दिवशी ऊन पडलं,
आणि वास.

इर्शाद होडेकर, हर्णैचा, बाविशीचा,
समुद्र अंगणासारखा वापरणारा पोरगा.
म्हणाला, मगदूमचाचा, हा कसला हो?
मी म्हटलं, गुऱ्हाळाचा!
काहिल सांगितली, चुलवाण सांगितलं,
उसाच्या पानावर घेतलेला गरम गूळ,
जीभ भाजते पण थांबवत नाही.
हंगामात ये कोल्हापूरला, म्हटलं, दाखवतो.
त्यानं गुऱ्हाळ बघितलं नव्हतं,
आणि मी घर सोडून सात महिने झाले होते.

गोडामागून एक आंबट यायचा.
तो मला कळला होता.
आंबतं तिथली हवा मरते,
हे नंतर एका कागदावरून कळलं.

पाकानं पंपाची जाळी चोंदली. तो उतरला.
शिडीच्या नवव्या पायरीवर वर बघितलं,
हसला की काय, ठाऊक नाही,
आणि हात सोडले.
मागोमाग बोसन धावला, त्याला मी कॉलरला धरून ओढला.
इर्शादला काढायला चाळीस मिनिटं.
मास्कचा सिलिंडर रिकामा होता,
तोही पुढच्या बंदरात भरायचा होता.

कागदावर लिहिलं : समुद्राचा कोप.
खाली सह्या. त्यात एक माझी.

चार वर्षांनी त्याचा बाप आला,
कुंभार्ली घाट चढून, एस्टीनं.
पिशवीत सुकी सुरमई.
आम्ही जैन, त्याला काय माहीत!
तुझ्या काकीनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली.
म्हणाला, पोरगा फोनवर बोलला होता,
कोल्हापूरला जायचंय, गूळ खायला.

वडणग्याला नेला मी त्याला.
गुळव्यानं काहिल उतरवली.
उसाच्या पानावर गोळा दिला, वाफेसकट.
म्हाताऱ्यानं खाल्ला नाही.
नाकाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ.
मग विचारलं,
असाच होता?

हो म्हणणं सोपं होतं.
मी आंबटाचं सांगितलं.
चिठ्ठीचं सांगितलं, सहीचं सांगितलं.

तो काही बोलला नाही.
पान खालीही ठेवलं नाही.
गूळ थंड होऊन दगड होईपर्यंत
तसाच हातात धरून उभा राहिला.